सट्ट्याचा नाद आणि घरच्यांची मदत : आपले अनुभव लिहावेत

माजघर
वडिलांचे जुने कागद लावताना त्यांनी धाकट्या काकांच्या वतीने फेडलेल्या कर्जाच्या पावत्या हाती लागल्या आणि घरात कधीच मोठ्याने न बोलले गेलेले सारे पुन्हा आठवले. काका पैजा लावत. पैसे वसूल करणारे दारात आले की काका रडत, शपथा घेत, वडील पैसे भरत आणि काही काळ घर शांत होई. त्या शांततेलाच सगळे सुधारणा समजत. काकांना उपचारांची गरज होती, आणि घराने त्यांना बिनव्याजी सावकार मिळवून दिला, असे मला आता वाटते. ज्यांनी हा नाद जवळून पाहिला आहे, त्यांनी मदत कुठून आणि कशी मिळाली हे लिहावे.

काठावरचा
मी त्या काकांच्या जागी होतो. कर्ज फिटले की मला पश्चात्ताप होत नसे, मोकळे झाल्यासारखे वाटे, कारण उधारीचे दार पुन्हा उघडलेले असे. हरल्याचे दुःख फार टिकत नाही. ‘गेलेले पैसे आधी वसूल करू, मग कायमचे थांबू’ हा विचार मात्र झोपेतही सोडत नाही. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या ‘गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस’ या स्वमदत गटाची वीस प्रश्नांची यादी आहे. त्यांतल्या किमान सात प्रश्नांना बहुतेक व्यसनी जुगारी ‘होय’ म्हणतात, असे हा गट सांगतो. हरल्यावर शक्य तितक्या लवकर परत जाऊन पैसे जिंकून आणावेसे वाटतात का, हा त्यांतलाच एक प्रश्न. तो वाचून मी कागद उलटा ठेवला होता.

उंबरठा
काठावरचा, पगार आता कोणाच्या हाती असतो?

काठावरचा
पत्नीच्या. बँकेला सांगून जुगाराचे व्यवहार बंद करून घेतले, पैजेच्या कंपन्यांकडे स्वतःला वगळण्याचे अर्ज दिले आणि फोनवर त्यांची दारे अडवणारी सोय बसवली. यांपैकी एकेक उपाय फोडता येतो. सगळे एकदम फोडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ओढ बरीचशी ओसरते.

शून्यमात्रा
मी संभाव्यता शिकवते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर, म्हणजे लाल-काळ्या आकडेदार खाचांच्या फिरत्या चक्रावर, काळा रंग सलग २६ वेळा आला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणून लोकांनी अमाप पैसा घालवला, ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. चक्राला मागचे काहीच आठवत नसते. एका शून्याच्या चक्रावर ३७ खाचा असतात आणि एका आकड्यावर जिंकल्यास लावलेल्या रकमेसह ३६ पट परत मिळते. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी २.७ कॅसिनोचेच होतात. हे सगळे ठाऊक असूनही माझा दीर बुडाला, कारण गणित पटणे आणि हात थांबणे यांचा फारसा संबंध नसतो.

निमूट
शून्यमात्रा ताई, दिरांना हे गणित कोणी शिकवले होते, हे विचारण्याचे धाडस होत नाही.

शून्यमात्रा
मीच. हसा आता.

पायवाट
मी अधूनमधून खेळतो आणि मला त्रास झालेला नाही. करमणुकीवर खर्च करायची रक्कम आधीच बाजूला काढतो, वेळ ठरवतो, उसने घेत नाही, मद्य घेऊन किंवा मन खचलेले असताना खेळत नाही, आणि गेलेले पैसे गेले असे मानतो. सगळ्यांनाच रोगी ठरवू नये, एवढेच म्हणणे आहे.

समईवात
पायवाट दादा, तुमचे नियम चांगले आहेत. पण ज्याला ते पाळता येत नाहीत, त्याला ते पुन्हा सांगून उपयोग होत नाही. मी समुपदेशनाचे काम करते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घेतला. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांनी अनेकांना फरक पडतो. देण्याच्या ओझ्याखाली जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, तेव्हा त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कर्जाचा हिशेब नंतर होईल.

उंबरठा
माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पत्ते पिसले नव्हते आणि उतारवयात अचानक पैजा लावू लागले. घरात ‘म्हातारचळ’ म्हणून कुजबुज झाली. पुढे कळले की कंपवातासाठी दिलेल्या प्रामिपेक्सोलसारख्या औषधांनी काही रुग्णांत अशी अनावर ओढ निर्माण होते. डॉक्टरांनी औषध बदलल्यावर नाद ओसरला. मनाने औषध बंद मात्र करू नये, ते धोक्याचे असते.

निमूट
मघाशी विनोद केला, आता खरे विचारतो. धाकट्या भावाने पुन्हा पैसे मागितले आहेत. नाही म्हटले तर तो बोलणेच बंद करील.

काठावरचा
रोख रक्कम हातात देऊ नका. घरात अन्नधान्य नसेल तर ते भरा. सगळ्या देण्यांची यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि ती घेऊन समुपदेशकाकडे सोबत जा. पहिल्या यादीत थोडे देणे लपवलेले असतेच, म्हणून दुसऱ्या भेटीत ती पुन्हा लिहायला सांगा. तुमच्यासाठीही गट आहे. ‘गॅम-अ‍ॅनॉन’ जुगाऱ्यांच्या घरच्यांसाठीच चालतो. भाऊ समुपदेशकाकडे आला नाही तरी तुम्ही या गटाला जा.

निमूट
यादीचे आज रात्रीच बोलतो.