मदत हवी आहे: शालिनी पॅलेस, नवा राजवाडा, टाऊन हॉल एका फोटोत बसवतोय, पण कागद चिकटवल्यासारखं दिसतंय

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे फोटोशॉपमध्ये अडकून पडलोय, जाणकारांनी जरा हात द्या. माझी आत्या लग्न होऊन नागपूरला गेली ती तिकडचीच झाली, पुढच्या महिन्यात तिला पंच्याहत्तर पूर्ण होतील, गुडघ्यांमुळं आता तिला इकडं येणं जमत नाही, म्हणून तिच्या खोलीत लावायला तिचं कोल्हापूर एका फ्रेममध्ये करायचं ठरवलंय, तीन फूट बाय दोन फूट. पुढं रंकाळ्याचं पाणी, काठावर डावीकडं शालिनी पॅलेस, मागं मधोमध नवा राजवाडा घड्याळाच्या टॉवरसकट आणि उजवीकडं टाऊन हॉल. या तीन इमारती एका नजरेत कुठूनच दिसत नाहीत हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तरी बघताना क्षणभर खरं वाटलं पाहिजे एवढीच इच्छा आहे.

पेन टूलनं (कडेकडेनं रेघ मारून कापायचं साधन) कटिंग नीट केलंय, मास्क (नको तो भाग झाकणारे पडदे) पण स्वच्छ आहेत, मॅच कलर (एका फोटोचे रंग दुसऱ्याशी जुळवायची सोय) लावून बघितलं. तरी जमंना. शालिनी पॅलेस रंकाळ्याच्या समोरच्या काठावरच्या चौपाटीवरनं संध्याकाळी काढलाय, राजवाडा सकाळी नऊच्या सुमारास, आणि टाऊन हॉल ढगाळ दुपारी मोबाईलच्या वाइड लेन्सनं अगदी जवळनं, त्यामुळं त्याच्या भिंती वर जाताना आत झुकल्यात. राजवाड्याच्या शॅडो उचलल्या, म्हणजे गडद भाग उजळ केले, की तो काळा दगड राखेसारखा करडा दिसतो, ते बघवत नाही. दोन्ही इमारती मेजर मँट या ब्रिटिश वास्तुकाराच्याच डिझाइनच्या, टाऊन हॉल १८७६ ला पुरा झाला आणि १८७७ ला राजवाड्याचं काम सुरू झालं, म्हणजे सख्ख्या बहिणीच की, पण माझ्या फोटोत दोन वेगळ्या गावच्या वाटतात. कुठं चुकतंय?

प्रतिसाद:
दादा, कटिंगचा दोष नाही, उजेडाचा आहे. शालिनी पॅलेस रंकाळ्याच्या पश्चिम काठावर, तुम्ही चौपाटीवरनं संध्याकाळी काढलाय म्हणजे सूर्य इमारतीच्या मागं, समोरची बाजू सावलीत. त्यावर सकाळचं ऊन फोटोशॉपमध्ये घालत बसू नका, ते कधीच पटत नाही. त्याच जागेवरनं सकाळी परत काढा, आणि राजवाड्यावर ऊन ज्या बाजूनं पडलंय त्याच बाजूनं इथं पडलंय का ते बघून वेळ ठरवा.

दुसरं क्षितिज. प्रत्येक फोटोत छज्ज्याच्या, खिडक्यांच्या आडव्या समांतर रेषा लांबवत न्या, त्या जिथं मिळतात ती त्या फोटोची नजरेची पातळी. तिन्ही फोटोंची ही पातळी एकाच आडव्या गाइडवर (फोटोशॉपमधली मदतीची रेघ) आली पाहिजे, नाहीतर एक इमारत हवेत आणि एक खड्ड्यात दिसते. टाऊन हॉल लांब जाऊन, मोबाईल सरळ धरून, झूम करून परत काढा.

राजवाड्याला शॅडो स्लायडर लावूच नका, फक्त त्याच लेयरला (थराला) क्लिप केलेला, म्हणजे तेवढ्यालाच लागू होणारा कर्व्ह (उजेड कमीजास्त करायची वक्ररेषा) घ्या, खालचा काळा बिंदू, म्हणजे सगळ्यात गडद टोक, जवळजवळ जागेवर ठेवून मधला भाग थोडा उचला. राजवाडा मागं दाखवायचाय म्हणून काळा बिंदू केसभरच वर घ्या, लांबची वस्तू धुरकट दिसते. सगळ्यांच्या वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाकून बघत जा, रंग गेला की कुठली इमारत उपरी वाटते ते लगेच कळतं. शेवटी सगळ्यांवर एकसारखा ग्रेन (बारीक दाणेदारपणा).

धागाकर्ता:
लई आभार! आज पहाटेच चौपाटीवर गेलो, समोरच्या बाजूवर ऊन आल्यावर काढला, पॅलेस आणि राजवाडा आता एकाच सकाळचे वाटतात. टाऊन हॉल रविवारी काढतो. फक्त एक, पाण्यात राजवाड्याचं प्रतिबिंब पूर्ण दाखवू का?

प्रतिसाद:
पूर्ण नको. काठावरच्या पॅलेसचं पूर्ण येईल, राजवाडा मागं आहे म्हणून त्याचा टॉवर आणि वरचा भाग तेवढाच पाण्यात दिसेल, खालचा काठानं झाकला जाईल. प्रतिबिंब मूळ इमारतीपेक्षा थोडं गडद ठेवा.