मोटरहोमचा हीटर गॅसवर पेटत नाही, मदत हवी आहे

राजेहो, जरा सांगा. जुनी मोटरहोम घेतली, हीटर गॅस अन् लाईट दोन्हीवर चालणारा. नागपुरात त्याचं काय काम म्हणा, पण डिसेंबरात पचमढीला गेलो अन् होमस्टेच्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर 1800 वॅटला टाकलं तर एमसीबीच पडला, जवळपास 8 अँपिअर खेचते ना ते. मग नुसत्या गॅसवर लावलं तर टिक टिक टिक अन् लाल लाईट, पेटूनच नाही रायला. बायको रात्रभर स्वेटरवर शाल घेऊन, वरून टोमणे. सकाळी गाडीखाली डबकं, हीटरमधल्या बॉयलरचं, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं, पाणी थंडीनं आपोआप सोडून दिलं व्हॉल्व्हनं. आता 900 वॅट अन् गॅस मिक्सवर ठेवू का? हीटरच्या पाटीवर गॅसचं प्रेशर 30 मिलिबार लिहिलंय, गॅसचा रेग्युलेटरच तपासू का आधी? नागपुरात कोण पाहून देते हे?