'हसत राहा' म्हणणाऱ्यांसाठी: त्या चिनी सिनेमावरून थोडं भांडायचं आहे

शेवंती

परवा इथे 'गो अवे मिस्टर ट्यूमर' या चिनी सिनेमावर रानवारा यांनी लिहिलं. सिनेमा मलाही आवडलेला, म्हणून वाचत गेले. शेवटी हे वाक्य आलं: "अर्धा आजार मनाचा असतो. श्योंग दुनसारखं हसत राहिलं की शरीर साथ देतं. प्रत्येक पेशंटला हा सिनेमा दाखवाच." तिथे दोन ओळी लिहायला बसले आणि हे एवढं झालं, म्हणून वेगळा धागा.

श्योंग दुन, जिच्यावर हा सिनेमा आहे ती, हसली, हे खरं. ते तिचं टोपणनाव, खरं नाव श्यांग याओ. बीजिंगमध्ये चित्रं काढून जगणारी मुलगी. ऑगस्ट २०११ मध्ये घरात कोसळली, नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर, निघाला. मग उपचार चालू असतानाच तिने आजारावर चित्रकथा काढून नेटवर टाकायला सुरुवात केली. टक्कल, सुया, देखणा डॉक्टर, सगळ्यावर विनोद. १६ नोव्हेंबर २०१२ ला ती गेली. ३० वर्षांची होती. सिनेमा आला २०१५ मध्ये. आता मला सांगा, ती हसायला कुठे कमी पडली?

माझ्या ताईलाही लिम्फोमाच होता. दर २१ दिवसांनी एक, अशा केमोच्या सहा सायकल. त्यातलं एक औषध सरबतासारखं लालभडक असतं, ते चढवलं की लघवीसुद्धा लाल होते. एका सिस्टरने सांगितलं म्हणून ते जात असताना ती बर्फाचा खडा चघळत बसायची, तोंड येऊ नये म्हणून. सोबत पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. तेव्हा झोप उडायची, रात्री दोनला उठून भडंग मागायची. सहाव्या दिवशी पाणीही नको असायचं. आणि या सगळ्यात तिला सगळ्यात जास्त कुणी दमवलं असेल तर भेटायला येणाऱ्यांनी. बेल वाजली की ती स्कार्फ सारखा करायची, लिपस्टिक लावायची, अर्धा तास हसायची. दार लागलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. एक काकू जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "ती मनातून खचलीय गं, म्हणून गुण येत नाही." ते ताईला आत ऐकू गेलं. पुढे कितीतरी दिवस ती मला विचारत होती, "माझंच काही चुकतंय का?"

माझा राग त्या वाक्यावर आहे, सिनेमावर नाही.

रानवारा

ताईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पण अख्ख्या लेखातलं एक वाक्य उचलून तुम्ही मला त्या जिन्यातल्या काकूंच्या शेजारी उभं केलंत, ते मला मान्य नाही.

माझा नवरा ४१ वर्षांचा, आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशननंतर पोटाला शौचाची पिशवी लागली. चार महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मुलगी शाळेतून येऊन चपलासुद्धा आवाज न करता काढायची. एका रविवारी हा सिनेमा लावला. बाय बायहे या नटीने त्या भूमिकेसाठी खरंच डोकं भादरलं होतं, हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "केसांचं काय, पुन्हा येतात. माझ्यासारखी पिशवी लाव म्हणावं." आणि हसला. मुलगीही हसली, मग मी रडले. त्या रात्री त्याने आपणहून भात मागून घेतला. त्या हसण्याची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून मी तसं लिहिलं.

तात्या७१

रानवारा +१. माझ्या साडूंना डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. माणूस रोज पहाटे हास्यक्लबात जायचा. नऊ वर्षं काढली. मनाची ताकद नाही तर दुसरं काय? आपण 'आनंद' बघून मोठे झालेली माणसं, आपल्याला हे चिन्यांकडून शिकायची गरज नाही.

शेवंती

तात्या, साडूंचं ऐकून बरं वाटलं. पण त्याच क्लबात जाऊन जे सहा महिन्यांतच गेले, त्यांची गोष्ट त्यांचे साडू सांगत नाहीत. उरतात ते गोष्ट सांगतात.

डॉ_खडीसाखर

कॅन्सरच्या वॉर्डात वीस वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं बोलतो. मन आनंदी ठेवल्याने गाठ लहान होते, याला भरवशाचा पुरावा नाही. मन ठीक असलेला पेशंट खातो, झोपतो, सायकल चुकवत नाही, ताप आला तर लपवत नाही. हा फायदा खरा आणि मोठा आहे. रानवारा यांच्या घरात तोच झाला. पण त्यावरून "गुण आला नाही म्हणजे मन कमी पडलं" असं उलटं गणित मांडलं की पेशंटच्या डोक्यावर दुसरा आजार बसतो.

सई_शांघाय

सात वर्षं इथे राहते, मुलं इथल्याच शाळेत आहेत. श्योंग दुनबद्दल एक राहून जातंय. तिला कुणी हसायला सांगितलं नव्हतं. ती आधीपासून चित्रकार होती, विनोद हे तिचं हत्यार होतं. जे दिसलं ते तिने तिच्या पद्धतीने काढलं. त्याचा 'सकारात्मक ऊर्जे'चा नमुना नंतर झाला. हा शब्द इथे सरकारी वृत्तवाहिन्यांपासून शाळेच्या फळ्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो.

तिच्या अगदी आधीचीच यू ज्वान आठवा. शांघायच्या फुदान विद्यापीठात शिकवणारी, स्तनाचा कॅन्सर, तीही नेटवर लिहायची. तिने हसवलं नाही. 'मलाच का झाला' म्हणून स्वतःची जागरणं, खाणं, धावपळ, सगळं एकेक करून तपासत बसली. एप्रिल २०११ मध्ये गेली, ३२ व्या वर्षी. लहान मुलगा मागे. तिचंही पुस्तक निघालं, तेही लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे चिनी माणसाला फक्त हसरा पेशंट आवडतो, असंही नाही.

आणि 'मिस्टर ट्यूमर'च्याच दिग्दर्शकाने, हान यानने, २०२० च्या अखेरीस 'अ लिटल रेड फ्लॉवर' आणला. त्यातला मुलगा अजिबात हसरा नाही, चिडका आहे. हॉस्पिटलबाहेर एक बाप रडत बसलेला असतो, त्याची मुलगी गेलेली. हा मुलगा त्याच्या हातात बीफ-भाताचा डबा ठेवतो आणि सांगतो, तुमच्या मुलीने तुमच्यासाठी मागवला होता. बाप रडत रडत खायला लागतो. थिएटरात माझ्या शेजारचे आजोबा उठून बाहेर गेले.

पुनर्वसू

सगळे हसण्या-रडण्यावर बोलताय, औषधाच्या बिलावर कुणी बोलत नाही. खरा चिनी कॅन्सर-सिनेमा म्हणजे २०१८ चा 'डाइंग टू सर्व्हाइव'. तो बेतला आहे वूशीच्या लू योंगवर. रक्ताचा कॅन्सर. स्विस कंपनीची गोळी महिन्याला सुमारे २३,५०० युआन. घर विकायची पाळी. त्याला कळलं की तीच गोळी भारतात कितीतरी स्वस्त बनते. स्वतःसाठी मागवली, मग शेकडो पेशंटना मिळवून दिली. पोलिसांनी धरलं, कारण तिथल्या कायद्याने परवानगी नसलेलं औषध म्हणजे 'नकली' औषध. पेशंटांनी सह्या केल्या आणि जानेवारी २०१५ मध्ये आरोप मागे घेतले गेले. सिनेमानंतर त्याच वर्षी कॅन्सरची १७ औषधं तिथल्या सरकारी विम्यात आली, २०१९ मध्ये औषधाचा कायदाही बदलला.

आणि त्याच औषधावर आपल्या सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला पेटंट कायद्याचं कलम ३(ड) धरून (जुन्या औषधात किरकोळ बदल केला म्हणून नवं पेटंट नाही) पेटंट नाकारलं होतं. माझ्या आईच्या वेळी मी गावाकडची दीड एकर विकली. बिल भरायच्या खिडकीसमोर उभं राहून कोण हसतं ते मला दाखवा!

सई_शांघाय

पुनर्वसू, तुमचं खरंच आहे. पण पैशाइतकाच मोठा मुद्दा इथे वेगळा आहे. पेशंटला सांगायचं की नाही? इथे रिपोर्ट बहुतेक वेळा आधी मुलाच्या हातात जातो. कायद्यातही फट आहे. २०२१ पासूनच्या नागरी संहितेत, आणि त्याआधीच्या कायद्यातही, पेशंटला सांगणं योग्य नसेल तर जवळच्या नातेवाइकांना सांगावं अशी तरतूद आहे. 'योग्य नसेल' हे ठरवणार कोण? घरचेच. म्हणून श्योंग दुनचं स्वतःच्या नावाने 'मला कॅन्सर आहे' म्हणून चित्र काढणं हीच इथे मोठी गोष्ट होती. हसणं त्यानंतरचं.

तात्या७१

मग बरोबरच आहे ना! म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं? ते अमेरिकेतल्या लुलू वांग बाईंनी स्वतःच्या आजीवर सिनेमा काढलाय, २०१९ चा 'द फेअरवेल'. छांगछुनची आजी, फुप्फुसाचा कॅन्सर. घरच्यांनी नातवाचं खोटं लग्न लावलं आणि सगळ्यांना जमवून भेट घडवली, आजीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सहा वर्षांनीही आजी जिवंत होती, असं सिनेमाच्या अखेरीस दाखवतात. आम्ही आमच्या आईलाही सांगितलं नव्हतं. तीन वर्षं सुखात काढली. लोणची घातली, नातीचं बारसं केलं.

गोदाकाठ

तात्या, मोठे आहात म्हणून सांभाळून लिहितोय. आम्हीही आप्पांना सांगितलं नाही. 'अल्सर आहे' म्हणालो. फायली कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या, आईला शपथ घातली. आप्पांना नरसोबाच्या वाडीला जायचं होतं. दर आठवड्याला विचारायचे. आम्ही म्हणायचो, अल्सर बरा झाला की जाऊ. कारण आम्हाला ठाऊक होतं की प्रवास झेपणार नाही, आणि तेवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते पहिल्याच महिन्यात गेले असते, तेव्हा चालत होते.

गेल्यावर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात केमोच्या औषधाचा रिकामा खोका सापडला, घडी घालून ठेवलेला. नाव वाचून त्यांनी कुणाला तरी विचारलं असणार. म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि आम्ही त्यांच्यासमोर नाटक करतोय, हे बघत ते गप्प राहिले. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुमच्या आईला खरंच ठाऊक नव्हतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तात्या७१

माझ्या आईबद्दल तुम्ही बोलायचं कारण नाही. तुमच्या घरी चुकलं म्हणून आमच्याही घरी चुकलंच असणार, हा कुठला न्याय? ती शांतपणे गेली. मी उशाशी होतो.

रानवारा

तात्या, शांत व्हा. गोदाकाठ, तो खोक्याचा प्रसंग वाचून मी उठून पाणी प्यायले. पण असं काळजावर लिहिताना समोरच्याचाही थोडा विचार करा.

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न मी विचारायला नको होता. मागे घेतो. बाकी शब्द न शब्द तसाच.

डॉ_खडीसाखर

धागा हसण्यावर होता, पण भांडण इथेच व्हायला हवं होतं. मुलगा केबिनमध्ये आधी एकटा शिरतो, "डॉक्टर, त्यांना बोलू नका हं." बाहेर बाकावर वडील बसलेले. मी इतकंच करतो: पेशंटला विचारतो, "रिपोर्टबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय? सगळं, की मुलाशी बोलू?" काही जण खरंच म्हणतात, मुलाशी बोला. ते त्यांनी ठरवलेलं असतं, तेव्हा माझी तक्रार नाही. तात्यांच्या आईंनी न बोलता तेच ठरवलं असेल, हेही शक्य आहे. आणि गोदाकाठ, आप्पांनीही कदाचित.

तात्या७१

डॉक्टर, हे मानतो. विचारायला हरकत नव्हती. आम्ही विचारलं नाही, एवढं खरं.

शेवंती

रानवारा, दोन दिवस तुमचा प्रतिसाद डोक्यात आहे. तुमच्या घरातलं हसू खरं होतं, कारण विनोद त्यांनी स्वतः केला, पिशवीवर. आमच्या ताईला तो करूच दिला नाही कुणी. ती एकदा म्हणाली होती, "वर जाताना केसांचा खर्च वाचला," तर आईने तोंडावर हात ठेवला, "अशुभ बोलू नकोस." म्हणजे हसायचं, पण आम्हाला झेपेल तेवढंच. 'शरीर साथ देतं' मात्र मी अजूनही मानत नाही.

रानवारा

ती ओळ काढते. 'दाखवाच'च्या जागी 'विचारून दाखवा' करते. बाकी लेख तसाच राहील, सिनेमा मला आवडतोच.

नवखा_०७

खातं आजच काढलं. वाचतोय मात्र परवापासून. उद्या आईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आहे. मामा म्हणतो, तू एकटाच आत जा, आईला बाहेर बसव. ती आत्ता स्वयंपाकघरात उद्याच्या डब्याच्या शेंगा सोलतेय. काय करू?

डॉ_खडीसाखर

आत्ता जाऊन तिच्यासोबत शेंगा सोला आणि विचारा, "उद्या आत दोघं जायचं ना?" ती हो म्हणाली तर केबिनमध्ये डॉक्टरांच्या समोरची खुर्ची तिला द्या. एक वही न्या, पहिल्या दिवशी ऐकलेलं डोक्यात राहत नाही. आधीचे स्कॅन, सगळी पाकिटं, चालू औषधांची चिठ्ठी. मामांना बाहेर बसू द्या.

गोदाकाठ

आणि तिला कुठे जायचंय का, तेही विचार.