रामानुजन प्राइमची ही असमानता सिद्ध झालीय का नुसती अटकळ आहे?

बीएस्सी_सोलापूर :
नमस्कार मंडळी, मी सोलापुरात बीएस्सी थर्ड इयरला आहे, सेमिनारला रामानुजन प्राइम घेतलेत. व्याख्या कळली, म्हणजे ११ पासून पुढची कुठलीही संख्या घ्या, तिच्या निम्म्याच्या पुढे तिच्यापर्यंत निदान २ मूळ संख्या (प्राइम) सापडतातच, ११ च्या आधीपासून धरलं तर हे मोडतं, म्हणून ११ हा दुसरा, मग १७, २९, ४१ असे पुढचे. आता एन-वा रामानुजन प्राइम कायम तीन-एन-व्या मूळ संख्येच्या आतच राहतोय, जसं पाचवा ४१ आणि पंधरावी मूळ संख्या ४७. परवा सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून वहीत केलं, रात्री पायथॉनवर लाखापर्यंत चालवलं, एकदाही मोडलं नाही. एवढ्यावर खरं धरायचं का?

गणिताचा_मास्तर :
तपासलंस ते छान केलंस, पण हे सिद्धच झालंय. सॉन्डो या गणितज्ञाची अटकळ होती, २०१० मध्ये गणितज्ञ शांता लैशराम यांनी सिद्ध केली. आणि असं बघ, मोठ्या संख्येपर्यंतच्या मूळ संख्यांतल्या साधारण निम्म्या वरच्या अर्ध्यात पडतात, म्हणजे एन-वा रामानुजन प्राइम दोन-एन-व्या मूळ संख्येच्या आसपास येणार, तिप्पट म्हणजे ऐसपैस जागा झाली. खरी अडचण सुरुवातीलाच, तुझं ४१ भागिले ४७ हेच सगळ्यात मोठं गुणोत्तर आहे, त्याच्या वर कधीच जात नाही. रामानुजनांचा १९१९ चा लेख वाचच, दोन पानांचा आहे.

कोडवाला :
पण लाखापर्यंत चाललं म्हणून खरं, असं सेमिनारमध्ये कृपा करून बोलू नको. हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांची १९२३ ची अटकळ बघ, एक्स आणि वाय दोन्ही निदान २ असतील तर एक्स अधिक वायपर्यंतच्या मूळ संख्या ह्या एक्सपर्यंतच्या अधिक वायपर्यंतच्या यांच्याहून जास्त नसतात. कितीही तपासा, बरोबरच येतं. पण ३१५९ पर्यंत मूळ संख्या ४४६ आणि तेवढ्याच लांबीत ४४७ बसतील असा साचा सापडलाय, त्यामुळे त्यांचीच आणखी एक के-टपल अटकळ (असा शक्य साचा मूळ संख्यांत पुढे कुठेतरी खरोखर येतोच) खरी असेल तर ही खोटी ठरते. दोन्ही एकदम खऱ्या असूच शकत नाहीत, हे हेन्सली आणि रिचर्ड्स यांनी दाखवलं.

बीएस्सी_सोलापूर :
सर, मग स्लाइड बदलतो, आधी तुमचं निम्म्याचं कारण आणि नंतर ३१५९. अजून एक, १४९ आणि १५१ ही जुळी जोडी (दोनच्या फरकाच्या मूळ संख्या) दोन्ही रामानुजन आहेत पण ४१, ४३ मध्ये फक्त ४१, असं का?

गणिताचा_मास्तर :
जोडीतला मोठा रामानुजन असला की धाकटाही असतोच, हे सिद्ध आहे. उलट चालत नाही. ४३ चं तू स्वतः करून बघ, ४१ ते ४६ मध्ये निम्म्यापुढच्या मूळ संख्या मोज.