मदत हवी आहे: लॉन काढून काय लावायचं? (ठाणे, तातडीचं)

घोडबंदरकर_22
सोसायटीतलं लॉन पार वाया गेलंय. साधारण 2000 चौरस फूट. माळी आठवड्यातून तीनदा येतो, महिन्याला 14 हजार घेतो, तरी निम्मी जागा पिवळी आणि उरलेल्या निम्म्यात लव्हाळा. चार वर्षांत दोनदा नवीन मेक्सिकन लॉन अंथरून झालं. पहिले सहा महिने फोटो काढण्यासारखं, नंतर ये रे माझ्या मागल्या. आता गवत नको, कापणी नको, पाणी कमी लागेल असं काहीतरी सुचवा. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्याआधी दोन-तीन पर्याय हातात हवेत. 'गूगल करा' सांगू नका, केलंय. सगळं अमेरिकेतलं निघतं. क्लोव्हर लावा म्हणे, ते थंड हवेतलं तीन पानांचं. ठाण्याच्या मे महिन्यात क्लोव्हर!

मातीचे_पाय
डोळे मिटून पीनट ग्रास. नावात ग्रास असलं तरी गवत नाही, भुईमुगाच्या कुळातलं आहे. चार पानांची जोडी, पिवळी फुलं, वीतभराच्या वर जात नाही. हवेतला नत्र स्वतःच जमिनीत बांधतं, म्हणजे युरियाची पोती बंद. वर्षातून दोनदा कडेने छाटलं की झालं. आमच्याकडे पाच वर्षं आहे. दुसरा पर्याय बघूच नका.

केळफूल
दुसरा पर्याय बघूच नका कसं म्हणता? त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नाही. @घोडबंदरकर_22, ऊन किती तास? लोक त्यावरून चालतात का? पावसात पाणी साचतं का? खाली माती किती खोल?

घोडबंदरकर_22
ऊन भरपूर. आत्ता दुपारी अगदी डोक्यावर येतं. बाकी नॉर्मल सोसायटीत असतं तसंच.

वाशीवाला
आर्टिफिशियल टर्फ टाका आणि मोकळे व्हा. पाणी नाही, माळी नाही, किडा नाही. आम्ही गच्चीवर टाकलंय, पाहुणे हात लावून बघतात.

चाफेकळी
हात लावतात, पण पाय लावतात का? आमच्याकडे पण आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मुलगी अनवाणी गेली आणि रडतच परत आली. पावसाळ्यात खाली शेवाळ धरतं. वर मांजरांना ते फार आवडतं, कशासाठी ते सांगत नाही. पाणी लागत नाही ही तर थाप आहे, दर आठवड्याला धुवावं लागतं.

वाशीवाला
तुम्ही स्वस्तातलं घेतलं असेल.

चाफेकळी
मांजराला किंमत कळत नाही हो.

हिरवं_स्वप्न
वेडेलिया! कसला विचार करताय? ऊन, सावली, चिखल, खडी, काहीही चालतं. शेवंतीसारखी पिवळी फुलं. एक फांदी तोडून खोचली की महिन्याभरात हातभर. फुकटात होईल, रस्त्याच्या दुभाजकावरून उचला.

केळफूल
कृपा करून वेडेलिया नको. तुम्ही जो गुण सांगताय तोच त्याचा दोष आहे. मूळ मध्य अमेरिकेतलं, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत आपल्या घाणेरीच्या शेजारी बसलेलं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या मागची भिंत म्हणजे येऊरचं जंगल. पावसाळ्यात माळी छाटणी करून भिंतीपलीकडे भारा फेकणार, आणि तिथे प्रत्येक तुकडा रुजणार.

हिरवं_स्वप्न
अहो, मग तर लॉनचं गवतही परकंच. गुलमोहर मादागास्करचा. मिरची तरी आपली आहे का? सगळं उपटून टाकायचं?

केळफूल
मिरची भिंत ओलांडून जंगलात पसरत नाही. फरक एवढाच.

सुमनताई_कोपरी
मी जरा वेगळं विचारते. लॉन काढलंत तर गणपतीत दूर्वा कुठून आणायच्या? 21 दूर्वांची जुडी मी दरवर्षी आमच्या सोसायटीच्या हिरवळीवरूनच खुडते. विकतच्या जुड्यांमध्ये निम्मं भलतंच गवत बांधलेलं असतं.

मातीचे_पाय
ताई, यांचं मेक्सिकन लॉन आहे, त्यात दूर्वा नसतात. दूर्वा म्हणजे हरळी. गंमत म्हणजे गोल्फवाले जिला बर्म्युडा ग्रास म्हणून मिरवतात ती हीच. तुमच्या हिरवळीत तीन पात्यांचं टोक मिळत असेल तर कोणी न लावता उगवलेली हरळी आहे. एका पसरट कुंडीत, भरपूर उन्हात लावा. वर्षभर पुरेल.

घोडबंदरकर_22
दूर्वांसाठी वेगळा धागा काढाल का? मीटिंग रविवारी आहे.

निवृत्त_स्थापत्य
एक प्रश्न. हे लॉन जमिनीवर आहे की पोडियमवर, म्हणजे स्लॅबवर?

घोडबंदरकर_22
पोडियमवर. जमिनीवर लॉन कुठे राहिलंय काका इकडे.

निवृत्त_स्थापत्य
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. खाली काय आहे?

घोडबंदरकर_22
पार्किंग. दोन लेव्हल.

निवृत्त_स्थापत्य
पार्किंगच्या छताला ओल आहे?

घोडबंदरकर_22
दोन-तीन ठिकाणी ठिपकतं. एका गाडीवर पांढरे ओघळ आलेत, मालक रोज भांडतो. पण तो वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळी कमिटी आहे.

निवृत्त_स्थापत्य
तो वेगळा विषय नाही. तोच विषय आहे. पांढरे ओघळ म्हणजे पाणी स्लॅबमधून झिरपताना काँक्रीटमधला चुना सोबत घेऊन येतंय. तुम्ही वर रोज पाणी घालताय. हिशेब करा: उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तुमचे 2000 चौरस फूट म्हणजे 186 चौरस मीटर. म्हणजे रोजचे 930 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर अकरा दिवसांत मातीत जातो, आणि त्यातलं काही तुमच्या त्या शेजाऱ्याच्या बॉनेटवर येतं.

आधी माती काढा, पाणी जायच्या जाळ्या साफ करा, वॉटरप्रूफिंग तपासा, 48 तास पाणी साठवून पाँडिंग टेस्ट घ्या. मग काय लावायचं ते बोला. दोनदा लॉन बदललंत तेव्हा टेस्ट केली होती का?

वाशीवाला
म्हणूनच म्हटलं, टर्फ.

रोहाऊस_खारघर
आमच्या पुढच्या अंगणात जलपिंपळी आहे. कोणी ऐकलंय का माहीत नाही, नर्सरीवाले लिपिया म्हणतात. आपल्याकडची, ओढ्याकाठी आपोआप येणारी. अंगाला चिकटून पसरते, कापायची गरज नाही, फुलपाखरं येतात. आमच्याकडे खाली नुसता मुरूम आहे, वर चार इंच लाल माती, तरी मस्त आहे. एकच सांगतो, मधमाश्याही येतात. मुलं अनवाणी खेळत असतील तर सकाळी जरा जपून.

आयुर्वेदप्रेमी
ब्राह्मी लावा. स्मरणशक्तीही वाढेल, विशेषतः ज्यांना मूळ माहिती सांगायची आठवत नाही त्यांची. 😀 गोल पानांची, ओलाव्यात छान पसरते.

केळफूल
गोल पानांची ती मंडूकपर्णी. ब्राह्मीची पानं बारीक, जाडसर, लांबट असतात. आणि दोघींनाही सतत ओल लागते. गळणाऱ्या स्लॅबवर ओल मागणारं झाड?

आयुर्वेदप्रेमी
आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या गोल पानांचीलाच ब्राह्मी म्हणतात.

केळफूल
म्हणू द्या. त्यावरून भांडायला मी आलेले नाही. @घोडबंदरकर_22, तुमचं पोडियम इमारतीच्या कुठल्या बाजूला आहे? आणि लॉन पिवळं कधी पडतं?

घोडबंदरकर_22
उत्तरेला. दक्षिणेला आमचा 22 मजली टॉवर, पश्चिमेला दुसरा. पिवळं दिवाळीनंतर पडायला लागतं. माळी म्हणतो थंडीमुळे.

केळफूल
ठाण्याच्या थंडीने! ऐका. ठाणं 19 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून आत्ता तुम्हाला 'भरपूर ऊन' दिसतंय. त्यानंतर तो दक्षिणेला सरकतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर. 22 मजले म्हणजे 65 मीटर तरी उंची धरा. तिची दुपारी बाराची सावली 60 मीटर उत्तरेला जाते. तुमचं पूर्ण पोडियम त्यात येत असणार. हिवाळ्यात तुमचं लॉन अंधारात उपाशी राहतं आणि माळी त्यावर आणखी पाणी मारतो. मोकळी झालेली ती जागा लव्हाळा घेतो. लव्हाळा नुसता उपटून जात नाही, खालची गाठ राहिली की आठ दिवसांत पुन्हा वर.

मेक्सिकन, हरळी, जलपिंपळी, ऊन मागणारं काहीच तिथे टिकणार नाही. चार वर्षांत दोनदा पैसे घालवलेत त्याचं कारण हेच.

घोडबंदरकर_22
अरे देवा. हे कोणीच सांगितलं नाही. प्रत्येक कंत्राटदार म्हणाला माती बदला.

मातीचे_पाय
पीनट ग्रास सावलीत चालतं.

केळफूल
अर्धसावलीत चालतं, फुलं मात्र कमी येतात. भिंतीलगतच्या गडद पट्ट्यात नाही. मी असं करेन: टॉवरला लागून जो पट्टा आहे तिथे मोंडो ग्रास (बारीक पात्यांचं, सावलीत चालणारं) आणि क्लोरोफायटम (स्पायडर प्लांट). मोंडो हळू वाढतं, पहिलं वर्षभर लोक नावं ठेवतील, पण एकदा भरलं की कात्री लागत नाही. उत्तरेच्या कडेला, जिथे आकाश दिसतं, तिथे पीनट. आणि पाऊस सुरू झाल्यावर लावा, आत्ता नाही.

मातीचे_पाय
बघा, शेवटी पीनटच. 9 इंचांवर एक रोप लावलंत तर पूर्ण जागेला साडेतीन हजार रोपं. अर्ध्या जागेला त्याच्या निम्मी. घाई नसेल तर थोडी आणा, जूनमध्ये त्याच्याच फांद्या तोडून खोचत जा. पहिले तीन-चार महिने मधलं तण हाताने काढायलाच लागतं, तिथे आळस केलात तर लव्हाळा जिंकला.

बोरिवलीचा_जावई
क्लोरोफायटम म्हणजे सफेद मुसळीचं गोत्र. मुसळीच्या शास्त्रीय नावात 'बोरिविलियानम' आहे, म्हणजे तुमच्या डोंगरापलीकडच्या बोरिवलीचं नाव. मुसळी लावा, विका आणि त्यातून मेंटेनन्स भरा.

घोडबंदरकर_22
😂 कमिटीला हे सांगितलं तर खरंच लावतील. एक राहिलं सांगायचं. मुलं तिथे क्रिकेट खेळतात. रोज, 5 ते 8.

केळफूल
...

निवृत्त_स्थापत्य
हेही आता.

चाफेकळी
रोज तीन तास क्रिकेट! अमृत शिंपडलंत तरी काही उगवणार नाही. आमच्याकडे मुलं ज्या रेषेत पळायची तिथे बरोबर तशीच टकली वाट पडली होती. शेवटी त्या वाटेवरच फरश्या टाकल्या, मध्ये चार बोटं जागा सोडून. मुलं आपसूक फरश्यांवरून जातात आणि बाजूचं हिरवं वाचतं. क्रिकेटसाठी एक कोपरा वेगळा करा, तिथे रबरी फ्लोअरिंग किंवा साधी फरशी. झाडं आणि मुलं एकाच जागेत वाढवू नका.

हिरवं_स्वप्न
त्यापेक्षा सगळीकडे पांढरे खडे टाका. जपानी बागेसारखे.

निवृत्त_स्थापत्य
माती तशीच ठेवून वर खडे नकोत. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. 9 इंचांचा थर असला तर चौरस मीटरला 400 किलोच्या वर आधीच आहे. त्यावर तीन इंच खडे म्हणजे आणखी सव्वाशे किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पोडियमवर काही चढवू नका. आणि ते खडे बरोबर जाळीत जाऊन बसतात. शिवाय क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या हाती खडे कोण देतं?

सुमनताई_कोपरी
ते दाट हिरवं लावाल तिथे पावसाळ्यात शंखी गोगलगायी होतील हं. आमच्याकडे मुठीएवढ्या होत्या. रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, हातात पिशवी घालून. मीठ झाडांवर टाकू नका, झाडं जळतात. बादलीत मिठाचं पाणी करून त्यात टाकायच्या.

घोडबंदरकर_22
सगळ्यांचे आभार. मीटिंग झाली. अडीच तास चालली, त्यातले दोन तास क्रिकेटवर. ठरलं ते असं: पूर्ण जागा एकदम उकरायची नाही. टॉवरच्या बाजूला 10 बाय 10 फुटांत मोंडो, उत्तरेच्या कडेला तेवढंच पीनट, पहिला दमदार पाऊस झाल्यावर. दिवाळीनंतर बघून पुढचं. मधून चाफेकळी म्हणतात तशी फरश्यांची वाट. माळी आठवड्यातून एकदाच. सेक्रेटरींच्या आईंनी एक कुंडी मागितली, दूर्वांसाठी, ती मी स्वतः देणार आहे. टर्फचं कोटेशन पण आलं होतं, ते ज्यांच्या मेव्हण्याचं होतं त्यांनीच मागे घेतलं.

वाशीवाला
पस्तावाल.

निवृत्त_स्थापत्य
पाँडिंग टेस्टचं काय ठरलं?

घोडबंदरकर_22
ती दुसऱ्या कमिटीकडे आहे काका. उद्या विचारतो.

निवृत्त_स्थापत्य
7 जूनच्या आसपास पाऊस येतो. उद्या नको, आज विचारा. आणि ती गाडी तिथून हलवायला सांगा.