स्टोलिपिन आणि मीर

'झारचा पंतप्रधान स्टोलिपिन याला आणखी वेळ मिळाला असता तर रशियातली क्रांती टळली असती' हे मला पटत नाही. त्याच्या १९०६च्या हुकुमाने शेतकऱ्याला 'मीर'मधून, म्हणजे गावाच्या सामाईक व्यवस्थेतून, फुटून आपला वाटा नावावर करता येऊ लागला, हे खरं. पण वाटा म्हणजे गावभर विखुरलेल्या अरुंद पट्ट्या, आणि कुरण सगळ्यांचं एकच. नुसत्या कागदाने त्या एकत्र थोड्याच येतात? कित्येकांनी तर जमीन नावावर होताच विकून टाकली. मुळात शेतकऱ्यांचा डोळा होता जमीनदारांच्या जमिनीवर, आणि तिला या सुधारणांनी हातच लावला नाही! १९१७मध्ये गावांनी जमीनदारांच्या जमिनी तर घेतल्याच, शिवाय फुटून गेलेल्यांनाही पुष्कळ ठिकाणी जबरदस्तीने मीरमध्ये परत ओढलं.