मदत हवी आहे: मधुमेहाच्या डेटावरील सिनॉप्सिस आणि साहित्य-आढावा, सोमवारपर्यंत

मलप्रभाकाठ:
नमस्कार. मधुमेहाच्या रुग्णांच्या डेटावर मशीन लर्निंग वापरून भाकीत करण्याचा विषय मी घेतला आहे आणि पार अडकले आहे. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) दोनदा परत आला. दोन्ही वेळा मार्गदर्शकांनी समासात एवढेच लिहिले, की 'गॅप कुठे आहे?', म्हणजे आधीच्या संशोधनात राहून गेलेले काय. आढाव्यासाठी ४२ शोधनिबंध वाचून प्रत्येकावर एकेक परिच्छेद लिहिला आहे. आणखी किती निबंध घ्यावेत आणि कोणता अल्गोरिदम घेतल्यास विषय मंजूर होईल, एवढेच कृपया सांगावे.

कोडवाला_टिळकवाडी:
एक्सजीबूस्ट हा अल्गोरिदम घ्या. सोबत तुलनेला लॉजिस्टिक रिग्रेशन ही साधी पद्धत ठेवली की काम भागते.

जुना_सांख्यिक:
डेटा कुठला, रुग्ण किती, भाकीत कशाचे आणि पदवी कोणती, यांतले काहीही ताईंनी सांगितलेले नसताना अल्गोरिदम कसा सुचवता? ताई, ४२ निबंधांचे ४२ परिच्छेद ही यादी झाली, आढावा नव्हे. त्यांतले किती निबंध पिमा या नेहमीच्या मधुमेह-डेटावर बेतलेले आहेत, ते मोजून इथे लिहा.

ग्रंथपाल_चिक्कोडी:
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून परिच्छेद उचलू नयेत.

मलप्रभाकाठ:
उचललेले नाहीत, आणि माझा प्रश्न तो नव्हता. मोजले, ३१ निघाले. पदवी पीएच.डी. माझा डेटा मात्र वेगळा आहे. निपाणीला मामांचा दवाखाना आहे. तिथल्या नोंदवह्यांचे मोबाइलवर फोटो काढून मी एक्सेलमध्ये भरले. सुमारे चारशे रुग्ण आहेत. प्रश्न आढाव्याचा असल्यामुळे हे आधी लिहिले नव्हते.

जुना_सांख्यिक:
मग गॅप तुमच्या समोरच पडलेला आहे. पिमा डेटा म्हणजे अमेरिकेतील ॲरिझोनातल्या एका आदिवासी समाजाच्या, २१ वर्षे व त्यावरील ७६८ स्त्रियांच्या नोंदी. त्यांत ३७४ जणींचे इन्सुलिन शून्य आणि ३५ जणींचा रक्तदाबही शून्य आहे. जिवंत बाईचा रक्तदाब शून्य कसा असेल? मोजमाप नव्हते, त्या जागी शून्य पडले. तुमच्या ३१ निबंधांपैकी कोणी ते खरे धरले, कोणी सरासरी भरली, कोणी त्या ओळी गाळल्या आणि कोणी त्याबद्दल अवाक्षरही काढले नाही, याची एक सारणी करा. आढावा त्या सारणीतून लिहिता येईल. निबंध कुठे शोधले, कोणते शब्द टाकले आणि किती का वगळले, हे प्रिझ्मा २०२० या आढावा-लेखनाच्या मानक पद्धतीने नोंदवा, म्हणजे 'आणखी किती' हा प्रश्न उरणार नाही.

कोडवाला_टिळकवाडी:
चारशे रुग्ण कमीच आहेत, पण स्मोट (असलेल्या नोंदींवरून कृत्रिम नोंदी बनवणारी पद्धत) वापरून वाढवता येतील.

जुना_सांख्यिक:
म्हणजे निपाणीत कधीच न आलेले रुग्ण तयार करायचे!

कोडवाला_टिळकवाडी:
असमतोल डेटासाठी, म्हणजे एका गटाच्या नोंदी फार कमी असतील तेव्हा, ही रूढ पद्धत आहे; थट्टेने ती खोटी ठरत नाही.

सीमेवरचा_डॉक्टर:
तुमचा वाद नंतर चालवा. ताई, रुग्णांची नावे दिसणारे फोटो तुमच्या मोबाइलवर आहेत, हे मला अधिक गंभीर वाटते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नीतिसमितीची मान्यता आधी लागते. ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी रुग्णांच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती समिती देते, मामा नव्हे.
दुसरे, तुम्ही भाकीत कशाचे करणार? 'साखर नियंत्रणात आली' याचे असेल, तर शेवटच्या भेटीचा रकाना रिकामा असलेल्यांचे काय केलेत? आमच्याकडे कागल, गडहिंग्लजकडून बरेच रुग्ण येतात. दोन-तीन भेटींनंतर दिसेनासा झालेला रुग्ण बरा झालेला असतो असे नाही. लेकीकडे कोल्हापूरला गेला आणि तिथलेच औषध सुरू झाले, असे कितीदा तरी घडते.

मलप्रभाकाठ:
अशा सगळ्यांसमोर मी 'नियंत्रणात' भरले आहे. पुढे तक्रार नाही, म्हणून.

जुना_सांख्यिक:
पिमातल्या शून्यांनी नेमके हेच केले.

सीमेवरचा_डॉक्टर:
नोंदी कानडीत आहेत का? घाईच्या अक्षरात कानडी सहा आणि नऊ पटकन ओळखू येत नाहीत. निदान दर दहावी ओळ दुसऱ्या माणसाकडून पुन्हा भरून घ्या.

मलप्रभाकाठ:
जुन्या वह्या कानडीत आहेत. आत्ताच एक ओळ पाहिली. एका आजींची तीन महिन्यांची सरासरी साखर मी ६.२ भरली आहे आणि लगेच पुढच्या रकान्यात इन्सुलिन सुरू केल्याची नोंद आहे. फोटो मोठा करून पाहिला, तर तो आकडा ९.२ आहे. मार्गदर्शकांकडे महिन्याची मुदत मागते. मान्यता येईपर्यंत हे फोटो पुसून टाकावेत की मामांकडे ठेवावेत?

सीमेवरचा_डॉक्टर:
मूळ वह्या मामांकडे आहेतच; मोबाइलवरचे फोटो आणि ते एक्सेलही पुसून टाका. मान्यता आली की नावांऐवजी क्रमांक घालून, दवाखान्यातच बसून नव्याने भरा.